निळी नक्षी, परकं गिऱ्हाईक

साल १३५१. दक्षिण चीनच्या जियांगशी प्रांतात, छांग नदीच्या काठी तुम्ही उभे आहात. गावाचं नाव जिंगदेझेन. धक्क्याला लागलेल्या होड्यांमधून पांढऱ्या विटा उतरवल्या जात आहेत. या विटांनी घर बांधत नाहीत. डोंगरातला एक ठरावीक दगड पाण्याच्या जोरावर चालणाऱ्या उखळांत कुटायचा, पूड पाण्यात निवळायची आणि तळाशी बसलेल्या गाळाच्या विटा पाडायच्या. त्यात काओलिन ही पांढरी माती मिसळली, की तेराशे अंशांच्या आसपासची आच सोसणारा लगदा तयार होतो. चिनी मातीचं गुपित ते एवढंच. युरोपला ते उमगायला अजून साडेतीनशे वर्षं जायची आहेत.

एका कारखान्यात शिरा. भिंतीशी मान खाली घालून बसलेल्या रंगाऱ्यापुढे एक कच्चा, न भाजलेला थाळा आहे. वाटीतला रंग पाहून तुम्ही चक्रावता, कारण तो निळा नाहीच. करडा, काळपट आहे. तो कोबाल्ट आहे, इराणकडून आलेला. वरून झिलईचा थर चढून थाळा भट्टीत गेला, तिथे रात्रंदिवस आच खाऊन बाहेर आला, की मगच ही काळपट रेघ निळी होणार. जन्मभर निळी चित्रं काढणाऱ्या या माणसाला काढताना निळा रंग दिसत नाही. शिवाय कच्ची माती कुंचल्यातलं पाणी झटक्यात पिऊन टाकते. रेघ चुकली तर पुसायची सोय नाही. हात थबकला, की तिथे रंग साचतो आणि भट्टीतून काळपट डाग होऊन निघतो.

आता थाळा नीट पाहा. तो चांगला दीड फूट रुंद आहे. चिनी माणूस जेवतो लहान वाडग्यात. मग हा कोणासाठी? इराण आणि अरबस्तानाकडच्या गिऱ्हाइकांसाठी, जिथे एका मोठ्या थाळ्याभोवती बसून सगळे जेवतात. नक्षीची मांडणीही त्यांच्याच आवडीची आहे : मध्यावर एक वर्तुळ, त्याभोवती पट्टा, त्याभोवती आणखी एक पट्टा, रिकामी जागा जवळपास नाही. पश्चिम आशियातली धातूची तबकं अशीच कोरलेली असतात. पण त्या पट्ट्यांच्या आत रंगाऱ्यानं काय भरलंय? कमळाचे वेल, पिओनीची टपोरी फुलं, तळ्यात पोहणारी बदकांची जोडी, उसळत्या लाटा. आराखडा गिऱ्हाइकाच्या देशातला आणि भरणी चीनची. हे सूत्र लक्षात ठेवा. पुढच्या साडेचारशे वर्षांच्या प्रवासात तेच तुम्हाला वाट दाखवणार आहे.

याच वर्षी झांग वेनजिन नावाच्या एका भाविकानं देवळासाठी निळ्या नक्षीचे दोन उंच फुलदान करवून घेतले. हत्तीच्या तोंडाच्या आकाराच्या मुठी, अंगावर ड्रॅगन, आणि मानेवर कुटुंबाच्या सुखशांतीची प्रार्थना तारखेसकट. आज ते ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांच्यावरची ती तारीखच त्या वेळच्या युआन राजवटीतल्या बाकीच्या भांड्यांचं वय ठरवायला आधार ठरली.

जिंगदेझेनचे थाळे तेव्हा दिल्लीपर्यंत पोचत होते. १९६१ मध्ये दिल्लीच्या तुघलक राजवाड्याच्या परिसरात अशा भांड्यांचे तुकडे सापडले. त्यांतल्या काहींवर ती शाही मुदपाकखान्याची असल्याच्या फारसी खुणा कोरलेल्या आहेत. तुम्ही आत्ता ज्या रंगाऱ्याशेजारी उभे आहात, त्याच्यासारख्याच कुणाच्या हातचं काम सुलतानाच्या पंगतीत वाढलं जात होतं.

आता १५४१ मध्ये या. गाव तेच, कारखान्यांची गर्दी वाढलेली. रंगाऱ्यापुढे एक कागद ठेवलाय आणि त्यावर विचित्र खुणा आहेत. ती पोर्तुगीज अक्षरं आहेत. समुद्रमार्गानं चीनपर्यंत आलेल्या पहिल्या युरोपीयांची ही मागणी. मलाक्काचे कप्तान पेरू द फारिया यांचं नाव आणि साल या वाडग्यावर हवं आहे. रंगाऱ्याला ही लिपी येत नाही. त्याच्या दृष्टीनं ती वेलबुट्टीच. तो एकेक वळण निरखून उतरवून घेतो. हा वाडगा आज पोर्तुगालच्या बेजा शहरातल्या संग्रहालयात आहे.

त्याच काळातल्या एका सुरईवर पोर्तुगालच्या राजचिन्हाची ढाल चक्क उलटी रंगवलेली आहे. ही हलगर्जी समजू नका. खालची बाजू कोणती आणि वरची कोणती, हे त्या माणसाला सांगणारं कोणीच नव्हतं. गिऱ्हाईक हजारो कोस दूर, मधे दुभाषे, दलाल आणि होड्या. तरीही ढालीची प्रत्येक रेघ त्यानं सरळ आणि स्वच्छ काढली. न कळलेल्या गोष्टीवर इतकी मेहनत घेणारा हात पाहिला, की माझी मान आदरानं लवते.

सतराव्या शतकाच्या उंबरठ्यावर या. मिंग घराण्याच्या वानली बादशहाची राजवट चालू आहे. निर्यातीची सगळ्यात ओळखीची शैली तुमच्या डोळ्यांदेखत तयार होते आहे, म्हणून इथे जरा थांबा.

थाळा आता पातळ झालाय, हातात घेतला तर वजन जाणवत नाही. काठ साच्यावर दाबून पाकळीदार केलाय. काठापासून मध्याकडे उतरणारे कप्पे पाडलेत : एक रुंद, एक अरुंद, पुन्हा एक रुंद. रुंद कप्प्यांत आळीपाळीनं फळंफुलं आणि शुभचिन्हं आहेत. पीच म्हणजे दीर्घायुष्य. दवण्याच्या जातीचं पान, गुंडाळी केलेलं चित्र, भोपळा, पंखा, या सगळ्यांना आपापला अर्थ आहे. अरुंद कप्प्यांत फितीच्या गाठी आणि लोंबत्या मण्यांच्या माळा. मधल्या वर्तुळात निसर्गाचा एक तुकडा : पाइनखाली उभी हरणं, कमळांच्या तळ्यातली बदकं, नाहीतर खडकावर बसलेला नाकतोडा. आधी गडद निळ्यानं बारीक बाह्यरेषा, मग पाणी मारून पातळ केलेल्या रंगाची भरणी. एक जण रेषा काढतो, दुसरा रंग भरतो.

थाळा उलटा करा. तळाशी चाकावरच्या हत्यारानं उमटलेल्या बारीक किरणांसारख्या रेघा आहेत, बुडाच्या कडेला भट्टीतली वाळू चिकटलेली आहे. काठावर कुठे कुठे झिलईचा टवका उडालाय, आतली माती दिसते. काम घाईचं आहे, कारण मागणी अफाट आहे. शेजारी एक नवाच आकार सुकतोय : खोलगट वाडगा, पण त्याला बाहेर पसरलेला रुंद काठ. चिनी घरात याचा उपयोग नाही. युरोपात रस्सा जड चमच्यानं खातात, आणि तो चमचा टेकायला काठ लागतो.

ही भांडी गवतात गुंडाळून, पिंपांत आणि पेट्यांत भरून निघतात. तुम्हीही निघा. मकाव, मलाक्का आणि मग मांडवीच्या मुखातून आत, गोव्याच्या धक्क्याला. पूर्वेकडचा पोर्तुगीज व्यापार इथून हलतो. लिस्बनला जाणारी मोठी गलबतं इथेच भरली जातात. सगळाच माल पुढे जात नाही. काही थाळे इथल्या मठांत आणि श्रीमंतांच्या घरांत राहतात. जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टीन चर्चच्या अवशेषांत उत्खनन झालं, तेव्हा चिनी मातीचे तुकडे मिळाले. कोकणातल्या चौल-रेवदंड्याच्या मातीतूनही ते निघाले आहेत. आणि जे लिस्बनला गेलं, त्याचा थाट पाहायचा तर तिथल्या सांतुश राजवाड्यात मान वर करा. एका दालनाचं निमुळतं छत अशा २६१ भांड्यांनी मढवलेलं आहे.

२५ फेब्रुवारी १६०३. सिंगापूरजवळ, जोहोरच्या किनाऱ्यालगत, मकावहून मलाक्काला निघालेलं ‘सांता कातारिना’ हे पोर्तुगीज गलबत डच कप्तान याकोब फान हेम्सकेर्क यानं पकडलं. पुढच्या वर्षी ॲमस्टरडॅमला त्यातल्या मालाचा लिलाव झाला. त्या गर्दीत उभे राहा. रेशीम, साखर, कस्तुरी आणि निळ्या-पांढऱ्या भांड्यांच्या राशी. युरोपच्या राजांचे हस्तक बोली लावतायत, फ्रान्सचा राजा चौथा हेन्रीही गिऱ्हाइकांत आहे. सगळ्या मालाचे मिळून सुमारे ३५ लाख गिल्डर आले. या जप्तीचं समर्थन करताना डच कायदेपंडित ह्युगो ग्रोशियस यांनी मांडलेला युक्तिवाद पुढे ‘समुद्र सर्वांना खुला’ या सिद्धांताच्या रूपानं आंतरराष्ट्रीय कायद्याचा पाया झाला. आणि नाकतोड्याच्या त्या थाळ्यांना डच लोक ‘क्राक’ म्हणू लागले. पोर्तुगीजांच्या त्या गलबतांवरूनच हे नाव पडलं असं मानतात.

वानली बादशहा १६२० मध्ये वारला आणि दरबाराच्या मागण्या आटल्या. तुम्ही १६३५ च्या जिंगदेझेनमध्ये आहात. दरबाराचं काम गेलं, म्हणून कारागीर बाजाराकडे वळलेत, आणि बाजारात गिऱ्हाईक नाना तऱ्हेचं आहे. जपानच्या चहासमारंभातल्या जाणकारांना काठावरचे ते उडालेले टवकेच आवडतात. कीड लागल्यासारखी दिसणारी ती कड त्यांना साधेपणाची खूण वाटते. डचांचं म्हणणं वेगळं. तैवानच्या झीलंडिया किल्ल्यातून त्यांच्या गव्हर्नरनं चिनी व्यापाऱ्यांकडे लाकडाचे नमुने दिलेत : मूठ असलेले बिअरचे पेले, मेणबत्तीचे स्टँड, मोहरीच्या चटणीची भांडी. ‘हे असंच, पण चिनी मातीत करा.’

रंगाऱ्याच्या हातात आज अशाच एका पेल्याचा कच्चा घाट आहे. चित्र मात्र तो मनासारखं काढतोय. कप्पे नाहीत. पेल्याभोवती एकच देखावा सलग फिरतो : केळीच्या पानांआड बसलेला पंडित, मागे चाकर, वर ढगांचे पुंजके, पायाशी कुंचल्याच्या दोन फटकाऱ्यांनी उमटवलेलं गवत. हे प्रसंग छापील कादंबऱ्या आणि नाटकांतल्या चित्रांवरून आलेत. मुठीजवळ उभट, ताठ पाकळ्यांचं एक फूल आहे. ते ट्यूलिप. नेदरलँड्समध्ये या फुलाच्या कंदांवर माणसं पैसा उधळतायत. रंगाऱ्यानं ते झाड कधी पाहिलेलं नाही, त्याच्यासमोर आहे तो नमुना. चिनी पंडित आणि डच फूल एका पेल्यावर शेजारी शेजारी बसतात आणि एकमेकांना खटकत नाहीत. मला स्वतःला या सगळ्या परंपरेतली हीच भांडी सगळ्यात जास्त आवडतात.

१६४४ मध्ये मिंग घराणं कोसळलं आणि निर्यात विस्कटली. डच ईस्ट इंडिया कंपनी जपानकडे वळली. १६५९ मध्ये तिनं अरिताच्या भट्ट्यांना पन्नास हजारांहून अधिक नगांची मागणी दिली. डेल्फ्टचे कुंभार साध्या मातीवर पांढरी झिलई देऊन चिनी नक्षीची नक्कल करू लागले. जिंगदेझेनवर तर मोठं संकट आलं. १६७३ मध्ये पेटलेल्या बंडाच्या धामधुमीत तिथल्या भट्ट्या उद्ध्वस्त झाल्या.

१७१२ मध्ये या. राखेतून गाव पुन्हा उभं राहिलंय. कांगशी बादशहाच्या कारकिर्दीत भट्ट्या धडाडून पेटल्या आहेत. फ्रान्स्वा-झाव्हिए दाँत्रकोल नावाचे जेझुइट धर्मगुरू याच वर्षी इथल्या कामाचं वर्णन पत्रानं युरोपला कळवतायत. त्यांच्यासोबत कारखाना फिरा. एक माणूस फक्त काठाची निळी वर्तुळं ओढतो. दुसरा फक्त फुलांच्या बाह्यरेषा काढतो, तिसरा त्या भरतो. डोंगर आणि पाणी एकाकडे, पक्षी आणि प्राणी दुसऱ्याकडे. एक भांडं पुरं होईपर्यंत सत्तर हातांखालून जातं, असं त्यांनी नोंदवून ठेवलंय.

आणि हा निळा पाहा! युआन काळातला काळ्या ठिपक्यांचा, वानलीचा करडसर, आणि हा नीलमण्यासारखा निर्मळ. कोबाल्ट आता चीनच्याच खाणीतला आहे, पण तो नीट भाजून, निवडून, घोटून घेतलेला. एकाच निळ्याच्या पाचसहा छटा थरावर थर देऊन चढवल्यात. डोंगर जवळचा की लांबचा, ते छटेवरून कळतं. एका बरणीवर तडकलेल्या बर्फाच्या रेघा आणि त्यावर फुललेली पांढरी प्लमची डहाळी आहे, सरत्या हिवाळ्याचं चित्र. दुसरीवर लांब, सडपातळ बायका बागेत उभ्या आहेत; डच गिऱ्हाइकांचा त्यांच्यावर फार जीव. या भांड्यांचं वेड किती होतं, ते जर्मनीतल्या सॅक्सनीचा राज्यकर्ता ऑगस्टस याच्याकडे पाहून कळेल. १७१७ मध्ये त्यानं प्रशियाच्या राजाला आपले ६०० घोडेस्वार सैनिक दिले आणि बदल्यात १५१ चिनी भांडी घेतली.

मांडणीवरची एक ताटली हातात घ्या. चित्रात माणसं एका घरावर चढून ते पाडतायत. १६९० मध्ये रॉटरडॅममध्ये दंगल झाली, लोकांनी तिथल्या बेलिफचं घर जमीनदोस्त केलं, आणि त्याची आठवण म्हणून एक पदक पाडलं गेलं. त्या पदकावरून ही ताटली रंगवली. हॉलंडच्या गल्लीतला संताप जिंगदेझेनच्या चाकावर फिरला. बहुधा हा आपल्या लढाईचा प्रसंग नाही, एवढंच रंगाऱ्याला जाणवलं असेल. घराच्या विटा मात्र त्यानं एकेक काढल्या आहेत.

आता शेवटचा मोठा टप्पा, अठराव्या शतकाचा मध्य. भांड्यांबरोबर तुम्हीही दक्षिणेला निघा. पोयांग सरोवर, गान नदी, मग मेइलिंगची खिंड. तिथे नदी संपते आणि पेट्या हमालांच्या खांद्यांवर चढतात. डोंगरापलीकडे पुन्हा होडी, आणि शेवटी कँटन. १७५७ नंतर युरोपीय व्यापाऱ्यांना हेच एक बंदर खुलं आहे. नदीकाठी त्यांच्या वखारी आहेत. इथे नक्षी ठरीव झाली आहे. तळ्याकाठचा मंडप, पूल, विलोचं झाड, होडी, लांबचे डोंगर. ‘नानकिंग’ म्हणतात त्या मालाच्या काठावर भाल्याच्या टोकांची किनार असते. ‘कँटन’ प्रकार जरा भरड, त्याच्या काठाला पावसाळी ढगांसारखी झालर. ‘फिट्झह्यू’ नावाच्या तिसऱ्या तऱ्हेत मधल्या वर्तुळाभोवती फुलांचे चार गुच्छ आणि काठावर फुलपाखरं, फुटलेली डाळिंबं.

धक्क्यावर जहाज भरताना पाहा. चिनी मातीच्या पेट्या सगळ्यात खाली, तळाला. ओल लागली तरी त्यांचं बिघडत नाही आणि त्यांच्या वजनानं जहाज स्थिर राहतं. त्यांच्यावर खरा मोलाचा माल, चहा. जानेवारी १७५२ मध्ये दक्षिण चीन समुद्रात बुडालेलं डच ‘गेल्डरमाल्सेन’ असंच भरलेलं होतं. चहा समुद्रानं खाल्ला. १९८५ मध्ये पाणबुडे तिथे उतरले, तेव्हा सुमारे दीड लाख भांडी वर आली आणि पुढच्या वर्षी ॲमस्टरडॅमला लिलावात विकली गेली.

याच कँटनला १७८४ मध्ये ‘एम्प्रेस ऑफ चायना’ हे अमेरिकेचं पहिलं व्यापारी जहाज लागतं. मुंबईचे पारशी व्यापारीही कापूस आणि अफू घेऊन इथे येतात. जमशेटजी जीजीभॉय यांची पहिली चीनवारी १७९९ ची. आणि याच सुमारास सूत्र उलटं फिरतं. इंग्लंडच्या कुंभारांनी चिनी देखाव्यांचे तुकडे जोडून ‘विलो’ नावाची नक्षी रचली, ठशानं छापून स्वस्तात विकली. तिला खप आहे म्हटल्यावर कँटनकडून चिनी रंगाऱ्यांकडे मागणी गेली, की तशीच काढा. आपल्याच देशाचं इंग्लंडमध्ये रचलेलं चित्र चिनी रंगारी आता हातानं उतरवून घेतो.

आता आजच्या काळात परत या. निर्यातीच्या भांड्यांकडे बरेच जाणकार दुय्यम माल म्हणून पाहत आले. खरी कला दरबाराच्या भट्टीतली, बाकी सगळी बाजारू, असं ते म्हणत. मला हे मान्य नाही. दरबारी भांड्यावर एका माणसाची, बादशहाची आवड दिसते. निर्यातीच्या थाळ्यांवर इराणी पंगत, पोर्तुगीज दर्यावर्दी, जपानी चहाप्रेमी, डच व्यापारी आणि अमेरिकी खलाशी असे सगळे भेटतात, आणि त्या प्रत्येकाला निभावून नेणारा एक निनावी चिनी हात भेटतो. चार-पाच शतकांच्या व्यापाराचा इतका खरा दस्तऐवज दुसरा नाही.

तो वाचायला आता तुम्हाला येतो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतून आलेली चिनी भांडी आहेत. तिथे जाल तेव्हा आधी काठ पाहा, मग मांडणी, मग निळ्याची जात, आणि स्वतःला विचारा की हे कोणासाठी केलं असेल.

आणि एक कळकळीची विनंती. रेवदंड्याला, चौलला किंवा जुन्या गोव्यात फिरताना पायाशी निळ्या नक्षीचा तुकडा दिसला, तर तो खिशात घालू नका. तो कधीचा आणि कोणाच्या आवडीचा, हे त्याच्यावरची नक्षी सांगते. पण तो कुठल्या घरात, कुठल्या थरात पोचला, हे फक्त ती जागा सांगते. जागा सुटली, की अर्धी माहिती कायमची जाते. तुकडा तिथेच राहू द्या आणि पुरातत्त्व खात्याला कळवा.